तुम्हाले तं एकच पोरगी

आई, मी आता तुझ्यापेक्षा वयाने मोठी झाले आहे. तू गेलीस त्या वयाची मी होऊन गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. म्हणून आज तुला थोडं अधिकाराने लिहिलं तर चालेल, असं वाटतं. तू होतीस तेव्हा या विषयावर मी तुझ्याशी एकदाच बोलले, आणि तेही भांडण उकरून काढल्यासारखी. मला लिहायचं आहे ते त्या माणसाबद्दल, ज्यांना सगळं पांढुर्णा मॅनेजरसाहेब म्हणायचं. ते वाईट नव्हते हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू पुढचं ऐकून घेणार नाहीस. ते वाईट नव्हते, आणि मी आयुष्यभर त्यांच्यावर जळत आले.

तुझी गोष्ट तुलाच सांगणं विचित्र आहे, पण माझ्या बाजूने ती कशी दिसली ते तुला ठाऊक नाही. बाबा लोधीखेड्याजवळच्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यात तापाने गेले तेव्हा मी तुझ्या मांडीवर होते. सासरच्यांनी तुला मागची खोली दाखवली. मामाने तुला तिथून उचललं आणि नागपूरला नर्सिंगच्या ट्रेनिंगला घातलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा तू नागपुरात पाठ करत होतीस हाडांची नावं, आणि मी सौंसरला मामीच्या पदराला धरून विचारत होते, माझी आई कधी येणार. तू आलीस ती पांढऱ्या लुगड्यात, पायात बूट घालून. सासरी निरोप गेला तर तिकडून उलटा निरोप आला, की बाळंतिणीचं रक्त धुणारी सून आमच्या चुलीजवळ येणार नाही. तू म्हणालीस, "नाही तं नाही. आपली चूल आपण मांडू." आणि ती तू पांढुर्ण्याच्या बायकांच्या दवाखान्यात मांडलीस. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठ लोकांच्या कमिटीचा तो दवाखाना. वॉर्डाच्या मागे दोन खोल्यांचं आपलं क्वार्टर. स्वयंपाकाच्या खोलीची खिडकी वॉर्डाकडे उघडायची, आणि तू भाकर थापता थापता कोण कण्हतं आहे ते आवाजावरून ओळखायचीस. मी काही बोलत असले तरी तुझा एक कान तिकडे असायचा. मला वाटतं माझ्या मत्सराची सुरुवात त्या खिडकीपासूनच झाली. तेव्हा मी त्या बायकांवर जळायचे, ज्यांना फक्त कण्हलं की तू मिळायचीस.

मग राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर तिकडच्या राज्यात गेलं आणि आपण इकडे हिंदीच्या राज्यात राहिलो. गाड्या त्याच होत्या, तिगावचं स्टेशन त्याच जागी होतं, संत्री नागपूरच्याच बाजारात जात होती. फक्त सरकार नागपूरऐवजी भोपाळला राहायला गेलं. आमच्या शाळेत मास्तरांनी नकाशावर नवी रेघ काढून दाखवली, तेव्हा एक मुलगी रडायला लागली कारण तिची आजी रेघेपलीकडे काटोलला होती. आपले म्हातारे डॉक्टर मूळचे नागपूरचे. ते तुला म्हणाले, "बाई, मी काही या वयात हिंदीत अर्ज लिहायला शिकत नाही," आणि सामान बांधून निघून गेले. कमिटीने दुसरा डॉक्टर पुष्कळ शोधला. नागपूरचे डॉक्टर म्हणत, तिकडे भोपाळच्या राज्यात कोण येईल. तिकडचे म्हणत, त्या मराठी गावात कोण जाईल. शेवटी सौंसरचे एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊ लागले. ऑपरेशन असलं की करायचे, सह्या करायचे आणि बसने परत जायचे. बाकीचा सगळा दवाखाना तुझ्या अंगावर आला.

दीड वर्ष तू तो चालवलास. मी अकरा-बारा वर्षांची होते, मला सगळं आठवतं. औषधं तू मागवायचीस, नर्सांच्या पाळ्या तू लावायचीस, दाया आणि धोबी आणि भटारखाना तुझ्याकडे. सरकारची पत्रं हिंदीत येऊ लागली तेव्हा माझ्या शाळेचं हिंदीचं पुस्तक तू माझ्याआधी वाचून संपवलंस. जेवताना मला म्हणायचीस, "'अनुदान' म्हणजे ग्रँट, अन् 'शीघ्रातिशीघ्र' म्हणजे काहीच नाही, वाट पाहा." तू तेव्हा फार हसायचीस, आई. थकलेली असायचीस, पण तुझ्या चालण्यात काहीतरी आलं होतं. वॉर्डातून अशी जायचीस जशी एखादी बाई स्वतःच्या घरातून जाते.

त्या उन्हाळ्यात दवाखान्याची विहीर आटली तो दिवस तुला आठवत असेल. जाम नदीत नुसते दगड दिसत होते. वॉर्डात बाळंतिणी भरलेल्या, आणि उकळायला पाणी नाही. कमिटीच्या मुख्य शेठजींची जिन हंगाम संपल्यामुळे बंद होती, पण तिच्या आवारातली विहीर भरलेली होती आणि फाटकाला कुलूप होतं. तू दोन दाया, एक धोबी आणि मला घेऊन बादल्यांसकट भर दुपारी त्या फाटकाशी जाऊन उभी राहिलीस. पहारेकऱ्याने शेठजींना बोलावून आणलं. ते छत्री घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, निरोप धाडायचा. अशी फौज घेऊन काऊन आल्या?"

तू म्हणालीस, "निरोप तीनदा धाडला शेठजी. निरोपात पाणी नाही उकळता येत."

"बैलांसाठी लागते ना पाणी."

"जिन बंद आहे. बैल शेतावर आहेत. माह्या वॉर्डात तुमच्याच मुनीमजीची सून आहे, काल बाळंत झाली. तिले काय धुवाले देऊ, थुंका?"

शेठजी आधी लाल झाले, मग हसायला लागले. त्यांनी स्वतः किल्ली काढून कुलूप उघडलं, आणि पावसापर्यंत ते फाटक दवाखान्यासाठी उघडं राहिलं. गावभर त्यांनीच ही गोष्ट सांगितली. म्हणायचे, "आपली बाई मर्दावानी दवाखाना चालवून राहिली." तेव्हा मला त्या शब्दाचा केवढा अभिमान वाटला. मला वाटलं, आता हे लोक तुला डॉक्टरांच्या त्या मोठ्या खोलीत बसवणार. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. तुलाही वाटत होतं, नाही म्हणू नकोस. कारण कमिटीने तुला बैठकीला बोलावलं त्या दिवशी तू लुगड्याला स्वतः इस्त्री केलीस आणि मला विचारलंस, "बरोबर दिसते का गं?" तू मला असं कधीच विचारत नव्हतीस.

परत आलीस आणि सरळ चुलीशी बसून चहा ठेवलास. मी विचारलं, "काय झालं?"

"मॅनेजर येऊन राह्यले."

"कोण?"

"सौंसरचे आहेत. नागपूरले सेक्रेटरिएटात होते. आता ते ऑफिस भोपाळले गेलं, अन् त्यायले तिकडं जायाचं नाही. शेती इकडं आहे ना. बीए आहेत."

"ते डॉक्टर आहेत?"

"नाही."

"मग दवाखान्याचं त्यायले काय माहीत?"

"शिकतीन."

"कोणापाशी?"

तू चहा गाळत होतीस. उत्तर मला पुढच्या महिन्यात दिसलंच.

साहेब आले ते बायको, म्हातारी आई आणि तीन मुलं घेऊन, आणि म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बंगल्यात राहायला गेले. त्या बंगल्याला व्हरांडा होता, मागे कडुनिंब होता. त्यांची मोठी मुलगी माझ्याच वर्गात आली. मी तिचा द्वेष करायला पूर्ण तयार होते, पण तिने पहिल्याच दिवशी मला आपल्या डब्यातला लाडू दिला. पुढे ती मला घरी बोलावू लागली. तिला स्वतःचं टेबल होतं, टेबलावर दिवा होता आणि खिडकीला तिच्या आईने शिवलेला पडदा होता. आमच्या क्वार्टरात मी गव्हाच्या कोठीवर पाटी ठेवून अभ्यास करायचे. घरी येऊन मी तुला सांगितलं की तिच्या खिडकीला पडदा आहे. तू म्हणालीस, "आपल्या खिडकीले पडदा लावला तं मले वॉर्ड कसा दिसन?" मला तेव्हा वाटलं की तुला काहीच कळत नाही.

पगाराचं सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्या गावात असली गोष्ट झाकली राहत नसे. धोब्यालाही माहीत होतं की नव्या साहेबांचा पगार बाईंच्या तिप्पट आहे. मला वाटलं तू गप्प बसशील. तू गप्प बसली नाहीस, ही गोष्ट मी पुढे इतरांना कितीदा तरी सांगितली आहे. शेठजी फेरीला आले होते. मी ओसरीवर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते, आणि तू त्यांना खांबाशी थांबवलंस.

"शेठजी, एक विचाराचं होतं."

"बोला ना बाई."

"साहेबायचा पगार माह्या तिप्पट ठेवला. तेच काम मी दीड वर्ष केलं. आताही अर्धं मीच करून राहिली. माहा पगार थोडा वाढवला तं बरं होईन."

शेठजी रागावले नाहीत. रागावले असते तर मला ते विसरता आलं असतं. ते अगदी मायेने बोलले. "बाई, तुमचं काम मले माहीत नाही का? पण असं पाहा, त्यायले घर चालवाचं आहे. बायको आहे, म्हातारी माय आहे, लेकरं आहेत. चार लोकांत इज्जतीनं राहा लागते. तुम्हाले तं एकच पोरगी. अन् तेही उद्या आपल्या घरी जाईन."

मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक संत्रं काढून मला दिलं. मी ते घेतलं आणि खाल्लंही, आणि ते गोड होतं. पण आई, मला त्या दिवशी असं वाटलं की तुझा पगार कमी आहे तो माझ्यामुळे. मी एकच निघाले म्हणून. आणखी दोघं-तिघं भाऊ असते तर तुला जास्त मिळालं असतं. कितीतरी दिवस मी हिशेब करावा तसा हा विचार करत राहिले, आणि बंगल्यातली ती तीन मुलं अंगणात खेळताना दिसली की मला वाटायचं, ही तिघं मिळून माझ्या आईचा पगार खातात.

आणि तू त्यांच्या बापाला शिकवत होतीस. हे मला सहन व्हायचं नाही. पगाराचं एकवेळ झालं असतं सहन. साहेब दुपारचं काम आटोपलं की आपल्या स्वयंपाकाच्या खोलीत यायचे, पाटावर बसायचे आणि विचारायचे, "बाई, हे कसं करू?" तू भाजी चिरता चिरता त्यांना सगळं सांगायचीस. कोणता व्यापारी जुना कापूस माथी मारतो आणि तो बोटाने कसा ओळखायचा. कोणती दाई खोटं बोलते आणि कोणती नुसती घाबरते. नर्स रडायला लागली तर आधी तिला खायला द्यायचं, मग बोलायचं. मला गणित समजावताना दुसऱ्यांदा विचारलं की तू चिडायचीस. त्यांनी चौथ्यांदा विचारलं तरी तू शांत असायचीस. मी दारात उभी राहून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हे मला सांग ना. मीही ऐकते आहे. तुझी खुर्ची त्यांनी नेली, आणि आता त्या खुर्चीत कसं बसायचं तेही तूच त्यांना सांगते आहेस, आणि मला तू फक्त पाणी भरायला सांगतेस.

माझा सातवीचा निकाल लागला त्या दिवशी तू माझ्यासाठी पातोडीची, बेसनाच्या वड्यांची, भाजी केली होतीस. वर्षातून एखाद वेळ व्हायची ती आपल्याकडे. आपण जेवायला बसणार तेवढ्यात साहेब आले. भोपाळहून काहीतरी पत्र आलं होतं. तू त्यांना म्हणालीस, "बसा, दोन घास खा, मग पाहू." ते संकोचून बसले, आणि मग पोटभर जेवले. ती भाजी तू खरंच सुंदर करायचीस. मला दुसऱ्यांदा वाढायच्या वेळी भांड्यात रस्साच उरला होता. मी म्हणाले, "त्यायच्या घरी त्यायची बायको रांधते ना?" हळू म्हणाले, पण त्यांना ऐकू गेलं. त्यांचा हात ताटातच थांबला.

तू मला मारलं नाहीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ताटावर बसलेल्या माणसाच्या घासाले डोळे लावू नोको. ऊठ, साहेबायले पाणी दे." मी पाणी दिलं. ते म्हणाले, "बाई, पोरीचं बरोबर आहे." तू म्हणालीस, "पोरीले काय समजते?" पोरीला सगळं समजत होतं. तिला फक्त तुझ्याइतकं मोठं मन नव्हतं. अजूनही नाही.

पुढच्या वर्षी भोपाळहून मोठे अधिकारी पाहणीला आले. तू आठवडाभर राबलीस. खाटांना रंग दिला, चादरी नव्या, नाल्या साफ. आम्हा शाळेच्या मुलींना स्वागताचं गाणं म्हणायला उभं केलं होतं, म्हणून मी तिथे होते. अधिकारी वॉर्ड पाहून खूश झाले. म्हणाले, "मैनेजर साहब, व्यवस्था बहुत अच्छी है." आणि आपले साहेब, तेही अधिकारी आणि शेठजींसमोर, तुझ्याकडे हात करून म्हणाले, "सर, यह सब इन्होंने किया है. मैंने इन्हीं से सीखा है." त्यांनी एकदा नाही, दोनदा म्हटलं. मला वाटलं, आता. अधिकाऱ्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "हाँ, हाँ. महिलाओं में सेवाभाव तो होता ही है." मग त्यांनी हार मागितला. हाराचं ताट तुझ्याच हातात होतं. त्यांनी त्या ताटातून हार उचलून साहेबांच्या गळ्यात घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही ताट काखेत धरून वाजवल्यास.

त्या दिवशी मला कळलं की माझी पंचाईत झाली आहे. ते खोटारडे असते, तुझ्या कामावर स्वतःचं नाव सांगणारे असते, तर मला त्यांचा मनसोक्त तिरस्कार करता आला असता, आणि कदाचित तो कधीतरी संपलाही असता. पण त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि खरं सांगूनही काहीच झालं नाही. हार त्यांच्याच गळ्यात गेला. सत्य बोलायलाही ती खुर्ची लागते, हे मला तेराव्या-चौदाव्या वर्षी दिसलं. मी तोंड मिटून गाण्याच्या रांगेत उभी राहिले, आणि त्यांची मुलगी माझा हात धरून म्हणाली, "बाबा किती चांगलं बोलले ना तुझ्या आईबद्दल." मी हात सोडवून घेतला. ती का रुसलीस म्हणून विचारत राहिली.

मी नर्सिंगच केलं, तुला माहीतच आहे. पण मी नर्स होण्यासाठी ते केलं नव्हतं, हे तुला बहुधा माहीत नव्हतं. मला त्या मोठ्या खोलीत बसायचं होतं. म्हणून नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात वॉर्डापासून सुरुवात करून, नोकरी सांभाळून बीए केलं, मग कारभाराचा डिप्लोमा केला, आणि चाळिशीच्या आत मी उपव्यवस्थापक झाले. त्यातलं 'उप' काही माझं सुटलं नाही. वरची जागा रिकामी व्हायची, काही महिने मी ती सांभाळायचे, आणि मग कोणी तरी यायचा. असं तीनदा झालं. दुसरा आला तो माझ्यापेक्षा वयाने लहान होता. एकदा चहा घेताना तो अगदी मनापासून मला म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा पगारात कसं भागवायचं हो? तुम्हीच सांगा." आणि त्याने आकडा सांगितला. मी कप खाली ठेवला. तो आकडा माझ्या पगारापेक्षा इतका जास्त होता की मला आधी वाटलं तो वर्षाचा सांगतो आहे की काय. मी कमिटीकडे गेले. तिथे शेठजी नव्हते, कोट घातलेले शिकलेले लोक होते. त्यांनी माझ्या मिस्टरांना काय पगार आहे ते विचारलं. मिस्टर बँकेत होते. "मग तुम्हाला तशी गरज नाही," ते म्हणाले. तुला एकच पोरगी होती म्हणून, आणि मला नवरा होता म्हणून.

त्याच रविवारी मी गाडीने पांढुर्ण्याला आले होते. तू तेव्हा निवृत्त होऊन स्टेशनाजवळच्या खोल्यांत राहत होतीस. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होतीस. मी आल्या आल्या तुझ्यावर बरसले. म्हणाले की सगळं तू बिघडवलंस. तू त्या माणसाला शिकवलं नसतंस तर तो सहा महिन्यांत पळाला असता. तू हार दिलास, ताट धरलंस, जेवू घातलंस, आणि तुझ्यासारख्या बायकांमुळे आमच्यासारख्यांना आज हे ऐकावं लागतं. तू शेंगा सोलत राहिलीस. मग मी ओरडलेच, "तुला कधी वाटलंच नाही का काही?"

"वाटे ना."

तू कधी असं कबूल करशील असं मला वाटलं नव्हतं.

"बंगल्याच्या बाजूनं जायचं आलं की वाटे. त्यायची बायको व्हरांड्यात केस वाळवत बसली राहे. आतून रेडिओ वाजे. म्हणून तं मी कायम मागून जायची, धोबीघाटाकडून. लांब पडे, पण बरं वाटे."

"अठ्ठावीस वर्षं?"

"मोजले कोणं?"

"मग त्यायले शिकवलं काऊन?"

तू हातातले दाणे फुंकले. "दवाखाना तं माहा होता ना. त्यायनं बिघडवला असता तं कोणाचा बिघडला असता? पगार त्यायचा होता. दवाखाना माहा होता." आणि पुढची शेंग उचलत म्हणालीस, "मले पगार पाहिजे होता. नोको वाटत होता असं नाही."

मी तुझ्याजवळ बसले आणि शेंगा सोलायला लागले. मला तुझी कीव यायला हवी होती, किंवा स्वतःची शरम. त्याऐवजी मला फार बरं वाटलं, आई. इतकी वर्षं मला वाटत होतं की घरात जळणारी मी एकटीच आहे आणि तू कुठल्या तरी वेगळ्याच मातीची. त्या दुपारी कळलं की आपण दोघी एकाच दुखण्याच्या. तू लांबच्या रस्त्याने जात होतीस, एवढाच फरक होता. त्यानंतर दोन वर्षांनी तू गेलीस. साहेब तुझ्या मयतीला आले होते, काठी टेकत, सौंसरहून. ते लहान मुलासारखे रडले. मला तेव्हाही वाटलं, माझ्यापेक्षा जास्त रडण्याचा यांना काय अधिकार.

आता शेवटचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले. पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे. आपल्या दवाखान्याची नवी इमारत उभी राहिली, आणि गेल्या आठवड्यात जुन्या लोकांपैकी म्हणून मला कार्यक्रमाला बोलावलं. मुलगा म्हणाला, या वयात कशाला जातेस. मी गेले. दवाखान्याची मुख्य आता एक बाई आहे, आई. पस्तीस-छत्तीसची असेल. इथलीच, संत्र्याच्या बागाइतदाराची मुलगी, मोठ्या शहरातून दवाखाने चालवायचं शिक्षण घेऊन आलेली. तिने मला आपल्या खोलीत नेऊन बसवलं. ती बोलत होती आणि मधेच फोनवर कोणाला तरी सुनावत होती, "नाही, आजच पाहिजे, उद्या नाही," आणि समोर उभे असलेले दोन पुरुष तिच्या बोलण्याची वाट पाहत होते. मी म्हणाले, "बाळा, तुला इथे पाहून फार आनंद झाला." ती म्हणाली, "अहो मॅडम, सहज नाही देलं त्यायनं. पगार कमी सांगत होते. मी म्हटलं, एवढा देत असान तं थांबते, नाही तं चालली मी नागपूरले. झक मारून मानले!" आणि खळखळून हसली.

मीही हसले. आणि आतून मला अशी कळ आली, आई, जशी त्या खिडकीच्या पडद्याने आली होती. आपल्यासाठी हे किती चांगलं झालं, असं वाटायला हवं होतं ना? भाषणात मी ते बोललेही. पण तिच्यासमोर बसले असताना मला एवढंच वाटत होतं की हिला हे इतकं सहज कसं म्हणता येतं. "नाही तं चालली मी." तू कुठे जाणार होतीस? मी कुठे जाणार होते?

मग ती म्हणाली की नव्या इमारतीत जुन्या लोकांचे फोटो लावायचे आहेत. सगळे अध्यक्ष आणि मॅनेजर मिळाले, पण तुमच्या आईंचा फोटो कुठेच नाही. म्हातारी माणसं त्यांचंच नाव घेतात. तुमच्याकडे असेल तर द्या, मी माझ्या खोलीत माझ्यासमोर लावते. मी म्हणाले, "नाही गं, त्या काळी कुठे फोटो काढायचे." ती हळहळली. मला फाटकापर्यंत सोडायला आली, आणि गाडीत बसवताना आवाज बारीक करून म्हणाली, "तुम्हाले म्हणून सांगते मॅडम. माह्या आधीचे जे सर होते ना, त्यायच्याएवढा पगार तं नाहीच देलेला. आता कळलं मले."

आणि मला बरं वाटलं. क्षणभरच. पण तिचा चेहरा पडलेला होता आणि मला बरं वाटलं. मी तिच्या हातावर हात ठेवला, तिला वाटलं मी धीर देते आहे.

तुझा फोटो आहे माझ्याकडे. ट्रेनिंग संपल्यावर नागपूरच्या स्टुडिओत काढलेला, बूट घातलेला. तो मी कपाटातून काढून इथे समोर ठेवला आहे. उद्या मुलाच्या हाती तिला पाठवून देते, असं लिहिणार होते. पण तिच्याकडे ती खोली आहे, पगारासाठी भांडायची हिंमत आहे, आणि रोज सकाळी समोर तूही असशील, हे अजून मला नीट मानवत नाही.